सासऱ्यांचं रुंदीकरण

मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचा खरा इतिहास कोणी लिहायला घेतलाच, तर पहिलं नाव आमच्या सासऱ्यांचं घालावं लागेल. आता त्या रस्त्यावर त्यांनी एक घमेलं खडी टाकलेली नाही, कुठल्या सरकारी कागदावर त्यांची सही नाही, आणि निवडणुकीला तर ते कधी चुकूनही उभे राहिले नाहीत. तरीसुद्धा हा रस्ता चार पदरी झाला तो आपल्यामुळेच, असं त्यांचं ठाम मत आहे, आणि त्यांच्याबरोबर चहाचा एक कप घेतलात की तुमचंही होतं. माझं तर लग्नाच्या आधीच झालं होतं.

पळस्प्याचा फाटा सोडून गोव्याच्या दिशेने निघालात की थोड्याच अंतरावर, रस्त्याला अगदी खेटून, आमची सासुरवाडी. घर रस्त्याला खेटून बांधलं असं मात्र त्यांच्यासमोर म्हणायचं नाही. त्यांच्या वडिलांनी घर बांधलं तेव्हा पुढे भाताची खाचरं होती आणि रस्ता लांब कुठेतरी एक बारीक वाट होता. तो सरकत सरकत ओट्याला येऊन भिडला. ह्या ओट्यावर एक प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीत सासरे, खांद्यावर लाल पंचा, आणि समोर जगातली सगळी वाहनं चाकं टेकून उभी. कारण तिथे गाडी चालत नसे, ती सरकत असे, आणि बऱ्याचदा तेही नाही. हे बसल्या जागेवरून ट्रकवाल्याची चौकशी करणार, एसटीतल्या बाईला पाणी नेऊन देणार, मोटारीतल्या साहेबाला "काच खाली करा" अशी खूण करून, रस्ता किती रुंद हवा ते समजावून सांगणार. साहेबाला ऐकण्यावाचून गत्यंतरच नसायचं. जाणार कुठे बिचारा?

आमची सोयरीक जमली तीही अशीच. आम्ही माणगावचे, आमचं तिथे भांड्यांचं दुकान. मुलगी बघायला आम्ही जीपने निघालो आणि सासुरवाडी नजरेच्या टप्प्यात आल्यावर गच्च अडकलो. घर दिसतंय, लग्नघरासारखी दारात जमलेली माणसंही दिसताहेत, पण जीप काही हलत नाही. इतक्यात लाल पंचावाले एक गृहस्थ काचेवर टकटक करून विचारते झाले, कुठले, कुणाकडे? बरोबर आलेल्या आत्याने सांगितलं. त्यावर ते दार उघडून आमच्या मधे येऊन बसले आणि आमच्या आत्याला बोलतं केलं. आत्याला काय, पडत्या फळाची आज्ञा! तिने मुलीकडच्यांचं घर हायवेला असल्यामुळे भांड्यांवर धूळ किती बसत असेल इथपासून सुरुवात केली आणि मुलीचा बाप जरा चक्रम आहे असं ऐकलंय, इथपर्यंत येऊन पोचली. गृहस्थ शांतपणे म्हणाले, "रुंदीकरन झालं का धूल नाय रवाची. आन चक्रम म्हंजे मीच." आत्याने पदर तोंडात धरला तो गाडी पुन्हा हलेपर्यंत काढला नाही. गाडी काही हलेना, तेव्हा त्यांनी घराकडे पंचा हलवला आणि पोहे, चहा, पाठोपाठ मुलगी असं सगळं रांगेने रस्ता ओलांडून आलं. मुलगी मी बघितली ती जीपच्या खिडकीतून. मागच्या ट्रकच्या क्लीनरने "चांगली आहे, हो म्हणा" असा कौल दिला. मी हो म्हणालो. आजवर पस्तावलो नाही, क्लीनरला मानलं पाहिजे.

लग्नात तर त्यांनी कहर केला. मंडपाचंही त्यांनी रुंदीकरण केलं होतं. व्यासपीठाकडे येण्याचा एक रस्ता, जाण्याचा दुसरा, आणि मधे केळीचे खुंट रोवून दुभाजक. भेट देऊन डावीकडून उतरायचं, वळसा घालून पंगतीकडे जायचं, अशी योजना. ती कागदावर फार सुंदर असावी. प्रत्यक्षात आमचे थोरले काका वळायचं ठिकाण चुकले आणि पुन्हा आमच्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांनी पुन्हा आशीर्वाद दिला, पुन्हा उतरले, पुन्हा चुकले. तिसऱ्या खेपेला त्यांना दम लागला होता आणि ते हिला म्हणाले, "सूनबाई, जेवण कुठे आहे तेवढं सांग." दरम्यान जेवणाच्या रांगेत पुढे कोणीतरी मठ्ठा सांडल्यामुळे कोंडी झाली आणि सासरे शेल्याऐवजी तोच लाल पंचा फडकवत कन्यादान अर्धवट टाकून ती सोडवायला धावले. भटजी मंत्र म्हणता म्हणता थांबले. सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला आणि शेजारणीला म्हणाल्या, "ह्याला पोरीचा बापूस नाय, पोलीस व्हवाचा व्हता."

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की माणूस नुसताच हौशी. मलाही तसंच वाटायचं, पहिल्या दिवाळसणापर्यंत. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात, आणि दिवाळसणाला तर ग्रह उच्चीचा असतो. अभ्यंगस्नान सासुरवाडीला व्हायचं म्हणून आम्ही आदल्या दिवशी दुकान बंद करून निघालो. पण अख्खं कोकण त्याच दिवशी निघालं होतं. रस्त्याचं काम कधीचं सुरू झालेलं आणि कधीचं थांबलेलं, एकीकडे खणलेलं, दुसरीकडे ढिगारे. उजाडायला आलं तेव्हा आम्ही कर्नाळ्याच्या खिंडीत कुठेतरी उभे होतो. हिच्या डोळ्यांत पाणी. लग्नानंतरची पहिली दिवाळी, आणि आईने पाट मांडून ठेवला असेल, एवढंच ती म्हणत होती. तेवढ्यात समोरून, गाड्यांच्या फटींतून, एक स्कूटी वाट काढत आली. प्रत्येक गाडीत डोकावत. हँडलला स्टीलचा डबा, मागे बांधलेला पाट, पायांशी पाण्याचा कॅन, आणि खांद्यावर काय असणार? पंचा!

त्यांनी मला गाडीतून उतरवलं, शर्ट काढायला लावला आणि राष्ट्रीय महामार्गाच्या कडेला, खडीच्या ढिगाऱ्यावर पाट मांडून, मला तेल-उटणं लावलं. मी लाजेने अर्धा झालो. आजूबाजूच्या गाड्यांच्या काचा खाली आल्या, एका बाईने उटण्याचा वास छान आहे असं सांगितलं, एका मुंबईकराने व्हिडिओ काढला. कॅनमधलं पाणी त्यांनी घरून गरम करून आणलं होतं, ते अजून कोमट होतं. ही एकीकडे हसत होती आणि एकीकडे रडत होती. नारळाच्या रसातले घावणे आम्ही बॉनेटवर ठेवून खाल्ले. निघताना त्यांनी हिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाले, "जावयबापू, माझी पोर सनावाराला घरी पोचत नाय. हा रस्ता रुंद झाल्याबिगर मी मरत नाय, सांगून ठेवतंय." त्यात गंमत काही नव्हती. एकुलती एक लेक, आणि तिच्या आणि त्यांच्या मधे हा रस्ता, हे मला त्या दिवशी कळलं.

झालं, तेव्हापासून गावात त्यांनी कोणाला सुखाने झोपू दिलं नाही. ज्यांची जमीन रस्त्यात जाणार ते सगळे साहजिकच नाराज. हे घरोघरी जाऊन सांगत, की वाट देण्यासारखं पुण्य नाही. लोक म्हणत, तुमचं पुण्य तुमच्याजवळ ठेवा. मग एक दिवस मोजणीवाले आले, आमच्या सासऱ्यांच्याच ओट्यावर, काठापासून दोन-तीन हात आत, त्यांनी लाल रंगाची रेघ ओढली आणि ओटा 'बाधित' असल्याचं तोंडी सांगून गेले. हे आनंदाने पेढे आणायला पळाले. सासूबाईंनी मात्र 'बाधित' एवढाच शब्द ऐकला होता. त्यांच्या लेखी बाधा ही एकाच प्रकारची असते. यांनी पेढे आणेपर्यंत त्यांनी गावातल्या भगताला बोलावून ओट्याच्या चारी कोपऱ्यांना लिंबू-मिरच्या ठेवल्या होत्या आणि भगत लाल रेघेभोवती तांदूळ टाकत कुठल्या बाईचं हे काम असावं त्याचा अंदाज घेत होता. सासऱ्यांनी त्यालाही पेढा दिला.

पण घोडं तिथेच पेंड खात राहिलं. काम काही येईना. दर अमावस्येला सासूबाई ओटा धूत आणि रेघ फिकी होई. आता खूणच पुसली तर रस्ता येणार कसा, ह्या काळजीने सासरे दर दिवाळीला दाराला लावून उरलेल्या लाल रंगाने ती रेघ पुन्हा ओढत. बाजूला रांगोळीही काढत. फक्त ओढताना, कमी पडायला नको म्हणून, किंचित आत ओढत. दर वर्षी किंचित. अखेर काम सुरू होणार म्हणून एक नवा, कोवळा इंजिनीयर नकाशा घेऊन आला, तेव्हा रेघ ओटा ओलांडून, उंबरठा चढून, टीव्हीच्या खालून आरपार गेलेली होती. त्या पोराने नकाशा उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला. सासरे म्हणाले, रेघ बरोबर आहे, नकाशा चुकलाय. तो बिचारा माजघराचं माप घ्यायला वाकणार, तोच सासूबाई रॉकेलचा बोळा घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांनी टीव्हीपासून घासायला सुरुवात केली आणि घासत घासत रेघ पुन्हा ओट्यावर, पहिल्या जागी नेऊन ठेवली. मग उभ्या राहून म्हणाल्या, "येवराच घ्या. आन ह्याला पन घेऊन जा." इंजिनीयरने ओटा घेतला, सासरे ठेवले.

आता ह्या भल्या माणसाचं एक गौडबंगाल सांगतो. इतका रस्त्याचा ध्यास घेतलेला माणूस, पण आम्ही सासुरवाडीहून परत निघायला लागलो की ह्यांना त्याच कोंडीचा भारी पुळका येई. त्यांच्या आगरी बोलीत राहायला येणं म्हणजे 'रवाला' येणं. फोन उचलला की हिला पहिला प्रश्न, "रवाला कवा येतंस?" नुसता भेटायला येतो तो पाहुणा, लेक येते ती रवाला, असा त्यांचा हिशेब. तेव्हा रस्ताच असा होता की सकाळी निघालेला माणूस दिवेलागणीला पोचायचा, त्यामुळे मुक्काम ठरलेलाच. तरी परतीच्या दिवशी मी पिशव्या उचलल्या, की हे मुकाट्याने चपला घालून बाहेर जात, रस्त्याकडे दोन्ही बाजूंनी बघत आणि गंभीर चेहऱ्याने परत येऊन जाहीर करत, की जाम आहे, आज काही निघता यायचं नाही. बहुतेकदा जाम असायचाच. एकदा मला शंका आली म्हणून मी मागोमाग गेलो. रस्ता इथून तिथून रिकामा, आणि मधोमध एक कुत्रा पाय पसरून झोपलेला. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. "गाड्या सगल्या पुढं आडकल्यात," ते म्हणाले, "म्हनून हितं मोकला हाय." मी पिशव्या खाली ठेवल्या. दुसऱ्या दिवशी दुकान उशिरा उघडलं, आणि वडिलांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

तर अखेर रस्ता झाला. झाला म्हणजे खरंच झाला, सगळं काही देखणं नसेल, पण आमच्या वाटेचा पट्टा चार पदरी, मधे दुभाजक, गुळगुळीत. ओट्याचा बराचसा भाग गेला, उरला तो खुर्ची कशीबशी मावेल एवढा. सासऱ्यांनी आठ दिवस आधीपासून फोन करून आम्हाला निमंत्रण दिलं आणि किती वाजता निघणार, कोणत्या रंगाची गाडी, सगळं विचारून घेतलं. आम्ही सकाळी निघालो, आणि काय सांगू, न्याहारी पोटात आहे तोवर सासुरवाडी दिसायला लागली! ही तर सीटवर बसल्या बसल्या टाळ्या वाजवत होती. घर दिसलं, घरासमोर हळदीला बोलावतात तो बेंजोवाला पूर्ण ताफ्यानिशी उभा दिसला, पंचा फडकवणारे सासरे दिसले, ओवाळणीचं ताट घेतलेल्या सासूबाई दिसल्या, आणि हे सगळं दिसेपर्यंत आम्ही भर्रकन पुढे निघूनही गेलो. कारण घर पलीकडच्या अंगाला आणि मधे दुभाजक! मागे बेंजोचा सूर एकदम चढला आणि एकदम पडला. पार पळस्प्याला जाऊन, वळून, पुन्हा आलो. तेव्हा बेंजोवाले दम खात बसले होते आणि सासरे त्यांना समजावत होते, की ही नुसती तालीम होती. पुन्हा वाजवायला लावलं. स्वतः नाचले. मला नाचवलं. मी नाचतो तो प्रकार बघून सासूबाईंच्या ताटातली निरांजनं हसण्याने विझली.

जेवणं झाली. पापलेटचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या, मी गच्च झालो. मग चहा झाला, आणि चहाच्या कपबशा उचलता उचलता ही सहज म्हणाली, "बाबा, आमी निगताव. आता काय, दिवस मावलाच्या आत घरी."

मागच्या अंगणात सकाळपासून गोधड्या उन्हात घातलेल्या होत्या, त्या मला तेव्हा दिसल्या. सासूबाईंनी रात्रीसाठी बोंबील साफ करून मीठ-मसाला लावून ठेवले होते, तेही त्यांनी जाळीच्या झाकणाखाली जरा आत सारले. सासरे उठले, नेहमीसारख्या चपला घातल्या आणि बाहेर गेले. मला बरं वाटलं. म्हटलं, आता येऊन सांगतील, जाम आहे. बराच वेळ ते त्या उरलेल्या ओट्यावर उभे राहून दोन्हीकडे बघत होते. गाड्या सूं सूं करत चालल्या होत्या. कुत्रासुद्धा आता रस्त्यावर झोपत नव्हता, तो पायरीखाली गेला होता. मग ते आत आले, पंचा खुंटीला अडकवला आणि म्हणाले,

"रस्ता मोकला हाय."

इतक्या वर्षांत रस्ता मोकळा असल्याची त्यांनी दिलेली ही पहिलीच बातमी. ते हिच्या शेजारी बसले, तिच्या हातातली पिशवी घेऊन उगाच तिचे बंद सारखे केले आणि हळूच म्हणाले, "बाय, आता तू भेटाला येशील. रवाला नाय येवाची."

तिने पिशवी परत हातात घेतली. ज्या रस्त्यासाठी ह्या माणसाने ओटा दिला, गावाशी वाईटपणा घेतला, माजघरातून रेघ ओढली, त्या रस्त्याने लेक दारात आणून सोडली होती आणि तोच तिला त्याच दिवशी परत न्यायला उभा होता. मला गलबलून आलं, आणि मी काही तसा हळवा नाही, भांड्यांच्या दुकानात हळवेपणाला गिऱ्हाईक नसतं. दुसऱ्या दिवशी माणगावचा बाजार, दुकान बंद ठेवून चालणारच नव्हतं. वडील काय म्हणतील तेही मला पाठ होतं.

मी उठलो, चपला घातल्या, खुंटीवरचा पंचा काढून खांद्यावर टाकला आणि बाहेर गेलो. पायरीखालच्या कुत्र्याने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही बाजूंनी रस्ता नीट निरखला आणि जमेल तेवढा गंभीर चेहरा करून आत आलो.

"मामा," मी म्हणालो, "जाम आहे."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "कुठवर?"

"पार वडखळपर्यंत. गाड्या सगळ्या पुढे अडकल्यात, म्हणून इथे मोकळं दिसतंय."

बाहेरून एक ट्रक भोंगा वाजवत निघून गेला. आमच्यापैकी कोणी तिकडे पाहिलं नाही. हिने हातातली पिशवी खाली ठेवली. सासूबाई गोधड्या आणायला मागच्या दाराने गेल्या, त्या जरा घाईनेच गेल्या. सासऱ्यांनी घसा खाकरला, डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखं केलं, माझ्या खांद्यावरचा पंचा ओढून घेऊन त्याने डोळे पुसले, आणि मग खुर्चीत मागे रेलून, पुन्हा पहिल्यासारखे होऊन, मला म्हणाले, "बोल्लो व्हतो ना जावयबापू, चार पदरी पुरनार नाय म्हनून. आजून रुंद कराला पायजे."